तटस्थ माणूस शोधू नका: दुभंगलेल्या प्रभागात नवं नेतृत्व कसं उभं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरातला एक प्रभाग. बैठ्या चाळी, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारती, एक जुनी मुस्लिम वस्ती आणि दोन नवे टॉवर. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा गणेश मंडळात दोन तट पडले, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर तिसरा पडला. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला आणि रहिवाशांचा व्हॉट्सॲप ग्रुप मोडला. आता वीस-पंचवीस रहिवाशांना पक्षांच्या बाहेरचा माणूस पुढे आणायचा आहे आणि त्यांनी विचारलंय, ‘सगळ्यांना चालेल असा तटस्थ माणूस कुठे आणि कसा शोधायचा?’

तटस्थ माणूस शोधूच नका. ज्याचं कोणाशीच वाकडं नाही त्याच्यामागे बहुधा कोणीच उभं नसतं. असा माणूस सभेचं अध्यक्षस्थान छान भूषवतो, पण मतदानाच्या दिवशी त्याच्यासाठी बूथवर बसायला चार पोरं मिळत नाहीत, आणि वस्तीत रात्री तणाव झाला तर त्याचा शब्द कोणी मानत नाही. ज्याचं आपल्या गटात वजन आहे आणि ज्याच्याशी समोरचा गट बोलायला तयार आहे, असा माणूस तुम्हाला हवा. त्याची मतं ठाम असू द्या. तो कोणाला मत देतो हे सगळ्या गल्लीला माहीत असलं तरी बिघडत नाही. पाण्याच्या प्रश्नावर तो समोरच्याच्या दारात जातो का, आणि तिथे जे ठरलं ते आपल्या लोकांना सांगून पटवतो का, एवढंच बघा.

याला मुंबईच्या आसपासचाच आधार आहे. भिवंडीत 1984 साली भीषण दंगल झाली होती. पुढे 1988 मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतले साधे रहिवासी आणि त्या भागाचे पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईतली मोहल्ला समितीची चळवळ 1994 मध्ये, म्हणजे दंगलींनंतर सुरू झाली. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे ही त्यातली ठळक नावं. या समित्यांमधल्या माणसांनी आपापली ओळख सोडली नव्हती. त्यांना एकमेकांचे चेहरे आणि फोन नंबर माहीत होते, आणि भेटायला भांडणाची वाट बघावी लागत नव्हती.

आता हातात किती वेळ आहे ते पाहू. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, जवळपास चार वर्षं प्रशासक होता आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. म्हणजे पुढची निवडणूक साधारण 2031 च्या सुरुवातीला. हा वेळ फार मोलाचा आहे. निवडणुकीच्या आधी तीन महिने ‘नागरिकांचा उमेदवार’ उभा करायचे प्रयत्न मुंबईत बरेच झाले आणि बहुतेक अनामत रक्कम घालवून संपले. जुहूत 2007 साली अ‍ॅडॉल्फ डिसोझा नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले, कारण तिथे रहिवाशांच्या संघटना आधीपासून कामात होत्या. उमेदवारी त्या कामावर चढवलेला शेवटचा मजला होती.

सुरुवात माणसं शोधण्यापासून करा, पण ‘कोण चांगला नेता आहे?’ असं कोणालाही विचारू नका. त्यावर लोक एकतर पक्षाचं नाव घेतात किंवा ‘सगळे सारखेच’ म्हणून दार लावतात. वेगवेगळ्या पट्ट्यांतली साठ-सत्तर घरं ठरवा. प्रत्येक चाळीतून, इमारतीतून आणि वस्तीतून थोडी थोडी, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी घरातल्या बाईशी बोला. प्रश्न तीनच. मागच्या वर्षभरात वॉर्ड ऑफिसला किंवा पोलीस ठाण्यात जावं लागलं तेव्हा बरोबर कोणाला नेलं? शाळेचा प्रवेश, रेशनकार्ड, हॉस्पिटल यात अडलं तर पहिला फोन कोणाला करता? आणि शेजारच्या दोन घरांचं भांडण झालं तर मध्ये कोण पडतं? फक्त नावं लिहा, पक्ष विचारू नका. तीस-चाळीस घरांनंतर तीच ती नावं परत यायला लागतात. त्यातही एकापेक्षा जास्त पट्ट्यांत येणाऱ्या नावांवर खूण करा. ती पाच-सहाच असतील: बचत गट चालवणारी बाई, मंडळाचा हिशेब ठेवणारा, मशिदीच्या ट्रस्टचा खजिनदार, सोसायटीची सेक्रेटरी, सरकारी योजनांचे फॉर्म भरून देणारा मुलगा. बॅनरवर ज्यांचे फोटो असतात ते या यादीत क्वचित दिसतात.

यादी झाली की लगेच जाहीर करू नका. नाव बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी पक्षाचं पद त्या माणसाच्या दारात येतं, आणि पहिल्यांदाच कोणी विचारतंय म्हटल्यावर ते घेतलंही जातं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तुम्ही त्याला आधी काम दिलं नाही, त्यांनी दिलं.

म्हणून या पाच-सहा जणांना एका कामाला जुंपा, आणि काम निवडताना काटेकोर राहा. ते महापालिकेच्या अखत्यारीतलं असावं, तीन महिन्यांत डोळ्यांना फरक दिसावा, आणि त्याचा त्रास किमान दोन पट्ट्यांना सारखा असावा. फेरीवाले, भोंगे, मंडप, प्राण्यांना खायला घालण्याच्या जागा हे विषय पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. महत्त्वाचे आहेत, पण त्यांना हात लावताच माणसं आपापल्या तंबूत परत जातात. दादरच्या कबुतरखान्याचं 2025 मध्ये काय झालं ते आठवा. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि रस्त्यावर मात्र तो समाजासमाजातला, मराठी-अमराठी असा होऊन बसला.

सार्वजनिक शौचालय हे सुरुवातीला उत्तम काम. समजा, चाळ आणि वस्तीच्या मध्ये एक ब्लॉक आहे, दारं मोडलेली, दिवा नाही, संध्याकाळनंतर बायका जात नाहीत. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या एकेका बाईने मिळून पाहणी करायची आणि वहीत लिहायचं: सीट किती, चालू किती, कडी कुठल्या दाराला नाही, पाणी किती ते किती, दिवा कुठे हवा. ‘अवस्था वाईट आहे’ असं लिहिलेल्या अर्जावर कोणी काही करत नाही. ‘बायकांच्या बाजूला सहापैकी दोन चालू, तीन नंबरच्या दाराला कडी नाही’ असं लिहिलं की इंजिनीअरला उत्तर द्यावं लागतं. मग महापालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार आणि तक्रार क्रमांक वहीत. त्याच आठवड्यात वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना पत्र, त्यावर दोन्ही वस्त्यांच्या सह्या, आणि आवक शिक्का मारलेली प्रत आपल्याकडे. पत्रात संयुक्त पाहणीची तारीख मागा. पाहणीला कनिष्ठ अभियंता आला की जे ठरेल ते जागेवर लिहून त्याच्यासमोर वाचा.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर माहिती अधिकार. फी 10 रुपये, अर्ज महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, उत्तराची मुदत 30 दिवस. मोघम काही मागू नका. शेवटच्या दुरुस्तीचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) प्रत आणि दोषदायित्व कालावधी किती व कधी संपतो, एवढं मागा. काम दोषदायित्वाच्या मुदतीत असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी, आणि हे कागदावर दिसलं की गाडं हलतं.

या तीन महिन्यांत शौचालय दुरुस्त होईलच, पण तुम्हाला माणसं वाचायची आहेत. पत्रावर समोरच्या वस्तीची सही आणायला कोण गेलं? काम झाल्यावर श्रेय कोणी वाटून घेतलं, कोणी फोटो काढून स्वतःच्या नावाने टाकला? अभियंता आला नाही तेव्हा कोण चिडून घरी गेलं आणि कोण दुसरी तारीख घेऊन आलं? ‘त्यांच्याबरोबर कशाला बसतोस?’ असं आपल्याच लोकांनी विचारल्यावर कोण गप्प झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. समोरच्या बाजूचा विरोध कोणीही सोसतो. आपल्या बाजूची नाराजी सोसणारी माणसं मोजकी असतात, आणि दुभंगलेल्या प्रभागाचं नेतृत्व त्यांच्यातूनच येतं.

व्हॉट्सॲपचं पण बघावं लागेल. जुना ग्रुप जोडायच्या भानगडीत पडू नका, कामाचा नवा काढा. अ‍ॅडमिन दोन, वेगवेगळ्या तटांतले. तिथे फक्त फोटो, ठिकाण, तक्रार क्रमांक आणि तारीख. फॉरवर्ड आला तर कोणाचाही असो, न वाचता काढायचा. ‘आमचा काढला, त्यांचा ठेवला’ ही तक्रार एकदा खरी ठरली की ग्रुप संपला. राजकारणावर बोलायला बंदी घालू नका, त्यासाठी दुसरी जागा आहे एवढंच सांगा. आणि तणावाच्या रात्रीसाठी आधीच ठरवून ठेवा: प्रत्येक पट्ट्यातून दोन नावं, त्यांनी एकमेकांना फोन करायचा, जागेवर जाऊन खात्री करायची, पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांशी बोलायचं, आणि खात्री होईपर्यंत कोणी काही पुढे पाठवायचं नाही. ही साखळी सणांच्या आधी एकदा चालवून बघा. ऐनवेळी लागलेला फोन उचलला जाईल की नाही, हे आधी कळलेलं बरं.

आता उमेदवारीकडे. इथे बहुतेक गट एक मोठी चूक करतात: एकाच माणसावर सगळं लावतात. मुंबईत 227 प्रभाग आहेत आणि आरक्षण सोडतीने ठरतं. 11 नोव्हेंबर 2025 च्या सोडतीत 114 जागा महिलांसाठी, 61 इतर मागासवर्गासाठी, 15 अनुसूचित जातींसाठी आणि 2 अनुसूचित जमातींसाठी निघाल्या. तुमचा प्रभाग पुढच्या वेळी कशात जाईल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि नव्या जनगणनेनंतर हद्दीही बदलू शकतात. म्हणून किमान चार माणसं तयार करा, त्यात दोन बायका, आणि इतर मागासवर्ग व अनुसूचित जातीतलं कोणी ना कोणी. सोडतीनंतर महिला आरक्षण निघालं म्हणून पुढाऱ्याच्या बायकोला उभं करणं हे पक्ष करतात. तुम्ही तेच केलंत तर लोकांना फरक काय दिसणार?

राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. पडताळणी समितीकडे वेळ लागतो, जुने दाखले गावाकडून आणावे लागतात, म्हणून ही फाइल आजच सुरू करा. प्रमाणपत्र वेळेत आलं नाही किंवा अवैध ठरलं म्हणून निवडून आलेल्यांची पदं गेलेली आहेत. बाकीची छाननीही घरच्या घरी आधीच करा. वय 21 पूर्ण, मुंबईच्या मतदार यादीत नाव, 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण अपत्यं दोनच्या वर गेलेली नाहीत, महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध नाही, मालमत्ता कराची थकबाकी नाही, घराला अनधिकृत वाढीव बांधकाम नाही. शेवटच्या मुद्द्यावर चाळीत आणि टॉवरमध्येही माणसं अडकतात. शपथपत्रात एकही रकाना मोकळा ठेवू नका. सांगण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. गुन्हे लपवू नका. आंदोलनातला जुना गुन्हा सांगितला तर लोक समजून घेतात, पण लपवलेला शेवटच्या आठवड्यात पत्रकावर छापून येतो.

उमेदवार निवडायची रीत नावांची चर्चा सुरू होण्याआधी लिहून काढा. एकदा नावं टेबलावर आली की प्रत्येक नियमात कोणाचा तरी फायदा दिसू लागतो. मी सुचवेन ती रीत अशी: प्रत्येक चाळ, इमारत, गल्ली यांचे दोन प्रतिनिधी, त्यात एक बाई. कोणत्याही पक्षाचा साधा सभासद चालेल, पदाधिकारी नाही. मतदान गुप्त, आणि चिठ्ठीवर एकच नाव न लिहिता ‘मला चालतील’ अशा सगळ्या नावांवर खूण करायची. एकाच नावाला मत द्यायला लावलं की प्रत्येक पट्टा आपापला माणूस लावून धरतो आणि मोठा पट्टा जिंकतो. ‘चालतील’ पद्धतीत ज्याला सर्वांत कमी विरोध आहे तो वर येतो. शिवाय अट घाला की विजयी नावाला प्रत्येक पट्ट्यातून किमान एक तृतीयांश खुणा मिळाल्या पाहिजेत. नसतील तर पंधरा दिवस थांबा, त्या पट्ट्यात जाऊन बसा, काय खटकतंय ते ऐका आणि पुन्हा मतदान घ्या. इच्छुकांकडून आधी लेखी घ्या की निवड झाली नाही तरी ते अपक्ष किंवा पक्षाकडून उभे राहणार नाहीत. या कागदाला कायद्यात किंमत नाही, वस्तीत आहे.

गणित मांडून ठेवा. मुंबईत मतदार एक कोटीहून थोडे जास्त, म्हणजे प्रभागात सरासरी 45 हजार. 2017 मध्ये सुमारे 55 टक्के मतदान झालं होतं. त्या हिशेबाने पंचवीस हजारांच्या आत-बाहेर मतं पडतात, आणि चार-पाच तगडे उमेदवार असले तर आठ-दहा हजारांवर जागा निघू शकते. राज्यातल्या इतर महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात, तिथे एकट्या अपक्षाला फार अवघड जातं. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक आहे. तुमच्या प्रयत्नाला अर्थ आहे तो त्यामुळेच. तरीही 2017 ला 227 पैकी अपक्ष पाचच निवडून आले, हेही लक्षात असू द्या.

शेवटच्या चार दिवसांत तुमच्यावर दोन हल्ले होतील. पहिला, ‘हा अमक्या पक्षाची बी टीम आहे.’ याला उत्तर भाषणात देऊ नका. देणगीदारांची यादी दर आठवड्याला फलकावर लावा. दुसरा, ‘अपक्षाला मत म्हणजे मत फुकट.’ त्यावर गिरगावच्या 220 क्रमांकाच्या प्रभागाचं उदाहरण द्या. 2017 मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना प्रत्येकी 5,946 मतं पडली आणि चिठ्ठी टाकून शाह विजयी झाले. दोन मोठ्या पक्षांच्या लढतीत एका घरातल्या एका मताने निकाल फिरला असता. कुठलंही मत फुकट जात नाही हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

धार्मिक किंवा भाषिक मुद्दा अंगावर आला तर उमेदवाराने टाळू नये. ‘मी फक्त गटार-पाण्यावर बोलतो’ हे पळ काढणं लोकांना लगेच कळतं. आपलं मत दोन वाक्यांत सांगावं, मराठी वस्तीत जे सांगितलं तेच मुस्लिम वस्तीत आणि टॉवरमध्ये सांगावं, आणि मग कामावर यावं. आता प्रत्येक सभेचं मोबाइलवर चित्रण होतं, त्यामुळे दोन ठिकाणी दोन बोललेलं संध्याकाळपर्यंत शेजारी शेजारी लावून फिरतं.

मतदार यादी हे कंटाळवाणं पण निर्णायक काम आहे. महापालिकेसाठी विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतात, आणि फोडताना अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात जाते. प्रारूप यादीवर हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. म्हणून दर वर्षी एकदा इमारतवार यादी तपासा: नवीन नावासाठी अर्ज 6, मृत किंवा दुबार नाव वगळण्यासाठी 7, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी 8. हे काम करताना समोरच्या पट्ट्यातली गाळलेली नावंही तितक्याच जोमाने भरा. हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

खर्चाची मर्यादा मुंबईत 15 लाख रुपये आहे. तुम्हाला तेवढे लागणार नाहीत, पण वेगळं बँक खाते आणि रोजची नोंदवही पहिल्या चहापासून लागेल. पैसा मुख्यतः पत्रकं, मतदार चिठ्ठ्या, बूथवरच्या माणसांचं जेवण आणि वाहनं यात जातो. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार धरले तर चाळीसच्या आसपास केंद्रं होतात. प्रत्येकी दोन मतदान प्रतिनिधी म्हणजे ऐंशी माणसं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पैसे जमतात, ही ऐंशी माणसं आधीच्या चार वर्षांच्या कामातूनच मिळतात.

निवडून आल्यावरचा करारही आधीच करा. अपक्ष म्हणून निवडून आलेला नगरसेवक नंतर पक्षात गेला तर 1986 च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरतो. मात्र तो गट किंवा आघाडीत सामील होऊ शकतो, तिची नोंद कोकण विभागीय आयुक्तांकडे होते, आणि ही ओढ निकालाच्या रात्रीच सुरू होते. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता; एकट्या नगरसेवकाला तिथे मित्र लागतातच. म्हणून ‘कोणाबरोबर जाऊ नकोस’ असं बांधून टाकू नका. कोणाबरोबर बसायचं हे त्याच प्रतिनिधी सभेत, त्याच ‘चालेल’ चिठ्ठीने ठरेल आणि दर तीन महिन्यांनी तो वही घेऊन सगळ्या पट्ट्यांसमोर उभा राहील, एवढं लेखी घ्या.

हरलात तर दोन कामं लगेच करायची आहेत. खर्चाचा हिशेब 30 दिवसांत सादर करा, कारण पराभूत उमेदवारानेही तो दिला नाही तर राज्य निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. आणि केंद्रनिहाय मतांचा तक्ता घेऊन बसा. ज्या केंद्रावर समोरच्या पट्ट्यातून शंभर-दीडशे मतं पडली असतील, तिथल्या यादीवरून पुढच्या पाच वर्षांसाठीची माणसं शोधायला सुरुवात करा.